छत्तिसावं राज्य आधी शिकवा

‘अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार कधी मिळाला?’

‘१९२०, बाई!’

एवढ्यावर हा विषय आटोपतो. मीही कित्येक वर्षं तो असाच आटोपत आले. मग एकदा नववीतल्या एका मुलीनं सामान्यज्ञानाच्या पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘बाई, ही जेनेट रँकिन १९१६ साली अमेरिकेच्या संसदेवर निवडून आली असं लिहिलंय. बायकांना मतच नव्हतं, तर ही निवडून कशी आली?’ मला उत्तर येत नव्हतं. ‘उद्या सांगते’ म्हणून वेळ मारून नेली. घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं की रँकिनच्या मोंटाना राज्यात बायकांना १९१४ पासूनच मत होतं. न्यूयॉर्कला १९१७ मध्ये मिळालं, वायोमिंगला तर १८६९ मध्येच, तेही तो प्रदेश राज्य होण्याआधी. १९२० ची घटनादुरुस्ती होईपर्यंत १५ राज्यांत बायका पुरुषांच्या बरोबरीनं मत देत होत्या. म्हणजे मी इतकी वर्षं शिकवलेलं उत्तर चूक नव्हतं, पण अर्धंमुर्धं होतं. तेव्हापासून मी हा धडा उलटा शिकवते. तुम्हीही शिकवून बघा.

उलटा म्हणजे शेवटापासून. सेनेका फॉल्सची १८४८ ची परिषद नंतर घ्या, आधी घ्या १९२० चा ऑगस्ट महिना. अमेरिकेत तेव्हा ४८ राज्यं होती आणि आपल्या वर्गांचा पटही साधारण तेवढाच असतो. हा योगायोग वाया घालवू नका. प्रत्येक मुलाच्या हातात एका राज्याच्या नावाची चिठ्ठी द्या. पट कमी असेल तर काहींना दोन. फळ्यावर नियम लिहा: घटना बदलायची तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं हवीत, आणि नंतर तीन-चतुर्थांश राज्यांची मंजुरी. प्रतिनिधिगृहात २१ मे १९१९ ला ३०४ विरुद्ध ८९ आणि सिनेटमध्ये ४ जूनला ५६ विरुद्ध २५ मतांनी ठराव पास झाला, हे सांगून टाका. मग विचारा, अठ्ठेचाळीसचे तीन-चतुर्थांश किती? गणिताच्या तासाला पेंगणारी पोरंही इथं ओरडतात.

आता एकेका राज्याचा पुकारा करा. १० जूनला इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिशिगन. तिघं उभी राहतात. पुढं थोडं भरभर. २२ मार्च १९२० ला वॉशिंग्टन राज्य उठतं आणि उभ्यांची संख्या पस्तीस होते. ऑगस्ट उजाडला तेव्हाचं चित्र असं: पस्तीस उभी, नकार दिलेली आठ हाताची घडी घालून बसलेली (त्यातली बहुतेक दक्षिणेकडची), आणि पाच जण नुसते चिठ्ठीकडे बघत. त्या पाचांतल्या कनेक्टिकट आणि व्हरमाँटच्या गव्हर्नरांनी विधिमंडळाचं विशेष अधिवेशन बोलवायलाच नकार दिला होता. इथं मी मुलांना दोन मिनिटं नुसतं उभं ठेवते. चुळबुळ सुरू होते. ‘बाई, अजून किती वेळ?’ मी सांगते, जवळजवळ पाच महिने. शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावून जातं, तेवढं चालवून घ्या.

मग टेनेसीची चिठ्ठी असलेल्या मुलाला पुढं बोलवा. नॅशव्हिल गावी विधिमंडळ भरलेलं. पिवळा गुलाब लावलेले मताधिकाराच्या बाजूचे, लाल गुलाबवाले विरोधातले. देशात दारूबंदी असूनही विरोधकांच्या हॉटेलातल्या खोलीत दारूला तोटा नव्हता. १८ ऑगस्टला ठराव बाजूला सारण्याच्या सूचनेवर मतं पडली ४८ विरुद्ध ४८. परत मोजली, परत तेवढीच. मग मूळ ठरावच मताला आला, आणि कोटाला लाल गुलाब लावलेला हॅरी बर्न नावाचा २४ वर्षांचा आमदार ‘होय’ म्हणाला. छत्तिसावं राज्य उठलं. खिशात आईचं पत्र होतं. फेब बर्न ही खेड्यातली विधवा बाई. सात पानी पत्रात घरच्या चार गोष्टींबरोबर तिनं पोराला बजावलं होतं की शहाण्यासारखा वाग आणि मताधिकाराच्या बाजूनं उभा राहा.

गोष्ट इतकी गोड आहे की ती सगळा धडा गिळून टाकते. मुलं वहीत लिहितात, ‘आईच्या पत्रामुळे अमेरिकेतील स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला.’ तेव्हा लगेच दुसरा प्रश्न टाका: प्रकरण ४८-४८ पर्यंत आणलं कुणी? याचं उत्तर कॅरी चॅपमन कॅट आणि ॲलिस पॉल या दोघींच्या संघटनांच्या कामात आहे, आणि ते काम पत्राइतकं गोड नाही. पॉलबाईंच्या पक्षाकडं खासदारांच्या माहितीची कार्डं होती. माणूस कुठला, घरात कोण कोण, आईशी कसा, सवयी काय, कुणाचं ऐकतो, अशी बारीकसारीक नोंद त्यात असे. हे वर्गात करून घेण्यासारखं आहे. शाळेला पाण्याची टाकी हवी असेल, तर ठरवणार कोण? किती जणांची संमती लागेल? त्यातले कोण आधीच आपल्या बाजूचे, कोण कुंपणावरचे, आणि कुंपणावरचा कुणाच्या शब्दाबाहेर नाही? मुलांनी एकेकाचं कार्ड बनवावं. खरी नावं घालू देऊ नका, ‘सदस्य क्रमांक ३’ पुरे; नाहीतर कार्डं घरी पोचतात आणि निस्तरावं तुम्हाला लागतं.

आता मागं या. १९ आणि २० जुलै १८४८, न्यूयॉर्क राज्यातलं सेनेका फॉल्स, एक साधं प्रार्थनामंदिर. त्याच्याही आठ वर्षं आधी लंडनमध्ये गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली होती. तिथं अमेरिकेतून गेलेल्या स्त्री-प्रतिनिधींना सभासद म्हणून बसू दिलं नाही, बाजूला बसून ऐकायला लावलं. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि लुक्रिशिया मॉट यांची ओळख तिथली. त्या अपमानाचं पुढं काय झालं ते सेनेका फॉल्सला दिसतं. स्टँटनबाईंनी जाहीरनामा लिहिताना १७७६ चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा समोर ठेवला आणि त्याच साच्यात आपली तक्रार ओतली. मूळ मसुद्यात इंग्लंडच्या राजाच्या जुलमांची यादी आहे; बाईंनी राजाच्या जागी पुरुष बसवला. माणसं समान असल्याच्या वाक्यात स्त्रियांसाठी दोन शब्द वाढवले. दोन्ही मसुदे मराठीत उतरवून शेजारी शेजारी ठेवा, फरकाखाली मुलांना पेन्सिलीनं रेघ मारायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा. लग्न झालेल्या बाईची मजुरीही कायद्यानं नवऱ्याची, हे वाक्य आलं की वर्गातून आवाज येतोच.

या परिषदेतली एक गोष्ट मुद्दाम सांगा. बाकीचे ठराव एकमतानं पास झाले. अडखळला तो मताधिकाराचाच. इतकं मागितलं तर लोक हसतील, ही खुद्द मॉटबाईंची धास्ती. गुलामीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस उठून त्या ठरावाच्या बाजूनं बोलले, तेव्हा तो तरला. जाहीरनाम्यावर १०० सह्या झाल्या: ६८ बायका, ३२ पुरुष. सह्यांमध्ये शार्लट वुडवर्ड नावाची एक तरुण मुलगी होती, हातमोजे शिवून पोट भरणारी. तिचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुसू नका.

सुझन बी. अँथनी मात्र तिथं नव्हत्या. पोस्टरवाले त्यांना तिथं आणून बसवतात, तुम्ही बसवू नका. त्यांची नि स्टँटनबाईंची गाठ पडली १८५१ मध्ये.

त्याच वर्षीची, म्हणजे १८५१ ची, आणखी एक गोष्ट शिकवाल तर पुरावा म्हणजे काय हे मुलं जन्मभर विसरणार नाहीत. ओहायोतल्या ॲक्रन गावी सोजर्नर ट्रुथ या गुलामीत जन्मलेल्या बाईंनी भाषण केलं. ‘ऐन्ट आय अ वुमन’ (मी बाई नाही का?) या नावानं ते इंटरनेटवर, भित्तिपत्रकांवर, पाठांतर स्पर्धांत सगळीकडे सापडतं. पण तो मजकूर फ्रान्सिस गेज यांनी बारा वर्षांनी, १८६३ मध्ये, छापलेला. सभेला हजर असलेल्या मेरियस रॉबिन्सन यांनी महिन्याभरात वर्तमानपत्रात दिलेला मजकूर वेगळा आहे, आणि त्यात तो गाजलेला प्रश्न नाहीच. गेजबाईंच्या मजकुरात ट्रुथ दक्षिणेकडच्या गुलामांच्या धाटणीनं बोलतात. प्रत्यक्षात त्या न्यूयॉर्ककडच्या, त्यांची पहिली भाषा डच. गेजबाईंनी त्यांना मुलं दिली तेरा, चरित्रकार पाच सांगतात. दोन्ही मजकूर मराठीत थोडक्यात सांगा आणि विचारा: तुम्ही कुठल्यावर भरवसा ठेवाल, का? आणि दुसरा खोटा असला तर तो लोकांना जास्त का आवडला? दुसऱ्या प्रश्नावर मुलं पहिल्यापेक्षा जास्त वेळ घेतात. घेऊ द्या.

पुढचा भाग शिक्षकांना नकोसा वाटतो, म्हणून बहुतेक जण तो गाळतात. यादवी युद्धानंतर काळ्या पुरुषांना मत देणारी पंधरावी दुरुस्ती पुढं आली. तिच्यात स्त्रियांचं नाव नव्हतं. काल एका व्यासपीठावर असलेली माणसं आज भांडू लागली. डग्लस यांचं म्हणणं, काळ्या माणसाला दिव्याच्या खांबाला टांगतायत, त्याच्यासाठी हे मत जिवाचा प्रश्न आहे. स्टँटन आणि अँथनी यांनी दुरुस्तीला विरोध केला, आणि तो करताना स्टँटनबाईंनी काळ्यांबद्दल आणि परदेशातून आलेल्या मजुरांबद्दल अगदी हीन भाषा वापरली. १८६९ मध्ये चळवळीच्या दोन संघटना झाल्या. एकीत स्टँटन आणि अँथनी, दुसरीत ल्यूसी स्टोन. दोन्ही संघटना पुन्हा एक व्हायला १८९० उजाडलं. इथं वादविवाद स्पर्धा ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. वंशद्वेषी भूमिका मुलाच्या तोंडी घालून त्याला टाळ्या मिळवायला लावणं, हे शिक्षण नव्हे. त्यापेक्षा प्रत्येकानं एका परिच्छेदात लिहावं: हक्क एकाच गटाला मिळणार असेल आणि तो गट आपला नसेल, तर मी काय करेन? वही गोळा करा, मोठ्यानं वाचून दाखवू नका.

हाच डाग १९१३ मध्ये परत दिसतो. अध्यक्ष विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, ३ मार्चला, वॉशिंग्टनमध्ये हजारो बायकांचा मोर्चा निघाला. पुढं पांढऱ्या घोड्यावर आयनेझ मिलहॉलंड. शिकागोच्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांना, त्या काळ्या म्हणून, शेवटी चालायला सांगण्यात आलं. त्या बाजूला गर्दीत थांबल्या आणि इलिनॉयची तुकडी आली तशी तिच्यात शिरून गोऱ्या मैत्रिणींच्या बरोबरीनं चालू लागल्या. ज्यांना फॅन्सी ड्रेसमध्ये पांढरा झगा आणि पट्टा घालून ‘मी सुझन अँथनी’ म्हणायचं आहे त्यांना म्हणू द्या, पण त्या रांगेत वेल्सबाई कुठं उभ्या राहतील हेही मुलांनाच ठरवायला लावा.

नाटकच करायचं तर खटल्याचं करा. अँथनीबाईंनी ५ नोव्हेंबर १८७२ ला रोचेस्टरमध्ये चक्क मत टाकलं. चौदाव्या दुरुस्तीप्रमाणे मी नागरिक, मग मत माझं, हा युक्तिवाद. दोन आठवड्यांत अटक. पुढच्या जूनमध्ये खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती वॉर्ड हंट यांनी ज्युरीला विचार करायला सवडच दिली नाही. दोषी ठरवा, असं थेट सांगितलं. शेवटी रिवाज म्हणून त्यांनी विचारलं, काही म्हणायचंय का? बाईंना बरंच म्हणायचं होतं, आणि न्यायमूर्ती गप्प बसा म्हणत राहिले तरी त्या बोलत राहिल्या. दंड झाला १०० डॉलर. तो त्यांनी कधीच भरला नाही. न्यायमूर्तींनीही दंड वसूल होईपर्यंत तुरुंगात टाकलं नाही, कारण टाकलं असतं तर वरच्या कोर्टात जायचा रस्ता मोकळा झाला असता. २०२० मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी अँथनीबाईंना मरणोत्तर माफी दिली, आणि रोचेस्टरच्या अँथनी संग्रहालयानं ती नको म्हणून कळवलं. का नको? आठवीतली मुलंही याचं उत्तर देतात, थोडा वेळ द्या.

१९१७ चा भाग मोठ्या मुलांसाठी ठेवा. जानेवारीपासून ॲलिस पॉल यांच्या कार्यकर्त्या व्हाइट हाउसच्या फाटकाबाहेर फलक घेऊन मुकाट उभ्या राहू लागल्या. एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि लोकशाहीसाठी लढतोय असं विल्सन म्हणाले. बायकांनी त्यांचीच वाक्यं फलकावर घातली. अटक व्हायची ती रहदारीला अडथळा केल्याबद्दल. तुरुंगात उपोषण, मग नळी घालून जबरदस्तीनं अन्न. १४ नोव्हेंबरच्या रात्री व्हर्जिनियातल्या ऑकोक्वानच्या कोठडीत पहारेकऱ्यांनी त्यांना मारहाण केली, ल्यूसी बर्न्स यांचे हात डोक्यावर गजांना बांधून ठेवले. पुढच्या वर्षी अपील कोर्टानं या अटका बेकायदा ठरवल्या. एवढं सांगणं पुरे. लहान वर्गात नळीचं वर्णन रंगवू नका. आणि इंग्लंडच्या पँकहर्स्टबाईंना इथं आणू नका. दगडफेक आणि जाळपोळ ही तिकडची गोष्ट. तिकडच्या लढाऊ बायकांना ‘सफ्रजेट’ हे नाव एका वर्तमानपत्रानं टोमणा म्हणून दिलं होतं. अमेरिकेतल्या बायका स्वतःला ‘सफ्रजिस्ट’ म्हणवत.

शब्दांचंच निघालं म्हणून आणखी एक. १९२० च्या या एकोणिसाव्या दुरुस्तीनं स्त्रियांना मत ‘दिलं’ असं फळ्यावर लिहू नका. ती दुरुस्ती फक्त एवढंच म्हणते की लिंगाच्या कारणावरून मत नाकारता येणार नाही. हे वाक्य नीट कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं, कारण दुसरं कारण काढून नाकारायला दार उघडंच राहिलं. दक्षिणेत काळ्या बायकांना मतदान कर आणि साक्षरता परीक्षा आडव्या आल्या, त्या १९६५ च्या कायद्यापर्यंत. मूळच्या रहिवासी जमातींना सरसकट नागरिकत्व मिळालं १९२४ मध्ये, आणि ॲरिझोना नि न्यू मेक्सिकोनं त्यानंतरही १९४८ पर्यंत अडवलं. चीनमधून आलेल्यांना १९४३ पर्यंत नागरिक होण्याची सोय नव्हती. आपल्याकडून गेलेल्यांना १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नागरिकत्व नाकारलं, ते १९४६ पर्यंत.

अमेरिकेतल्या मराठी शाळांत, शनिवार-रविवारी शिकवणाऱ्या ताई-काकांनी हा शेवटचा भाग जरूर घ्यावा. त्या मुलांना अँथनीबाई पाठ असतात. पंडिता रमाबाई माहीत नसतात. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. तेव्हा अमेरिकेतल्या एकाही घटक राज्यात बायकांना पूर्ण मताधिकार नव्हता. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिलं; त्यात तिथल्या स्त्रियांच्या स्थितीवर मोठं प्रकरण आहे. भाषा जुन्या वळणाची, म्हणून मुलांच्या हाती न देता तुम्हीच दोन पानं वाचून दाखवा. चळवळ चालू असताना ती पाहून लिहिलेलं आपल्या भाषेतलं असं पुस्तक हाताशी असताना छापील टिपणं कशाला?

‘आपल्याकडे कधी?’ हा प्रश्न येणारच. मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये विधिमंडळानं स्त्रियांवरची बंदी उठवली, पण मालमत्तेची अट होती, म्हणून मोजक्याच बायकांना फायदा झाला. सगळ्यांना मत मिळालं ते राज्यघटनेनं. इतकं सांगून पुढं चला, नाहीतर तो दुसराच धडा सुरू होतो.

परीक्षेत साल विचारू नका. पाच गुणांसाठी हा प्रश्न द्या: नोव्हेंबर १९२० च्या निवडणुकीत यांपैकी कोण मत देऊ शकली असती? वायोमिंगमधली गोरी शेतकरीण, मिसिसिपीतली काळी शिक्षिका, ॲरिझोनातली नवाहो आजी, कॅलिफोर्नियात राहणारी पण चीनमध्ये जन्मलेली शिंपीण, आणि फळ्याच्या कोपऱ्यातली शार्लट वुडवर्ड. प्रत्येकीचं कारण लिहा. (मिसिसिपीत त्या वर्षी मतदार नोंदणीची मुदत आधीच टळल्यामुळं गोऱ्या बायकांनाही मत देता आलं नाही, हे तपासताना लक्षात असू द्या.) शार्लटबद्दल बहुतेक मुलं ‘वारली असेल’ असं लिहितात. सेनेका फॉल्सला सही केलेल्यांपैकी १९२० मध्ये हयात असलेली म्हणून जिची नोंद सापडते ती ही एकटीच. तिला हक्क मिळाला होता. मतदानाच्या दिवशी ती आजारी होती, जाऊ शकली नाही.